पिस्तुलाचा बोअर : गुन्हा, स्वसंरक्षण आणि कायद्याची यादी

पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हरच्या नळीचा आतला व्यास म्हणजे कॅलिबर. परवान्यावर, पंचनाम्यात आणि रोजच्या बोलण्यात भारतात त्याला बोअर म्हणतात. इंचात मोजला तर बत्तीस, अडतीस, पंचेचाळीस असे आकडे येतात आणि मिलिमीटरमध्ये मोजला तर ७.६५ किंवा ९. बत्तीस बोअर म्हणजे एका इंचाचे शंभर भाग केले तर त्यातले बत्तीस. ‘बारा बोअर’ मात्र वेगळ्याच हिशेबातला आहे. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर एका गोळीचा जो व्यास भरेल, तो बारा बोअर. हा व्यास सुमारे साडेअठरा मिलिमीटर होतो. म्हणून शेतावरची बारा बोअरची बंदूक बत्तीस बोअरच्या पिस्तुलापेक्षा कितीतरी रुंद तोंडाची असते.

या आकड्यांवर फार विश्वास ठेवण्यात अर्थ नाही, कारण ती बरीचशी नावेच आहेत. अडतीस स्पेशलच्या गोळीचा खरा व्यास ०.३५७ इंच भरतो. पुढे याच व्यासाच्या गोळीला लांब पुंगळी (काडतुसाचे धातूचे कवच) आणि जास्त दारू दिली तेव्हा नव्या काडतुसाला खरा आकडा मिळाला आणि ते ‘.३५७ मॅग्नम’ झाले. बत्तीस बोअरची दोन काडतुसे भारतात चालतात. एक रिव्हॉल्व्हरचे, बुडाशी कडा असलेले, आणि दुसरे पिस्तुलाचे, जॉन ब्राउनिंग या अमेरिकन कारागिराने १८९९ च्या सुमारास बेल्जियमच्या कारखान्यासाठी बेतलेले. हे दुसरे काडतूस युरोपात ७.६५ एमएम म्हणून ओळखले गेले. महाराष्ट्रातल्या गुन्ह्यांच्या बातम्यांत सतत दिसणारे ‘७.६५’ आणि परवान्यांवर दिसणारे पिस्तुलाचे ‘.३२’ हे एकच आहे. उलट ‘नऊ एमएम’ या एका नावाखाली किमान दोन वेगळी काडतुसे येतात. १९ मिलिमीटर लांब पुंगळीचे लष्करी काडतूस आणि १७ मिलिमीटरचे आखूड, यांच्या ताकदीत दुपटीच्या आसपास फरक आहे.

बोअर हा गोळीच्या रुंदीचा आकडा आहे, जोराचा नव्हे. जोर ठरतो गोळीचे वजन आणि तिचा वेग यांवर, आणि त्यातही वेगाचा वाटा मोठा, कारण ऊर्जेच्या सूत्रात त्याचा वर्ग येतो. बत्तीसच्या पिस्तुलाची गोळी साधारण ४.६ ग्रॅमची असते आणि सेकंदाला पावणेतीनशे मीटरच्या आसपास जाते. तिची ऊर्जा १७५ जूलच्या घरात असते. लष्करी नऊ एमएमची गोळी आठ ग्रॅमची, वेग साडेतीनशेच्या पुढे, ऊर्जा ४९० जूल किंवा त्याहून अधिक. पंचेचाळीसची गोळी जवळपास पंधरा ग्रॅमची असूनही संथ असते, म्हणून तिची ऊर्जा नऊ एमएमच्याच आसपास राहते. सर्वांत लहान, नेमबाजीतली .२२, शे-सव्वाशे जूलची. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात जे सुवर्ण मिळवले ते याच बोअरवर. आणि ब्रिटिश फौजेचे जुने अडतीस रिव्हॉल्व्हर? त्याची गोळी जड असली तरी सेकंदाला दोनशे मीटरसुद्धा जात नसे. तिची ऊर्जा जेमतेम २३० जूल, म्हणजे बत्तीसपेक्षा थोडीच जास्त. हा आकडा पुढे कामाला येणार आहे.

भारतात कोणाच्या हातात कोणता बोअर येतो हे या ऊर्जेवरून ठरत नाही. ते ठरते कायद्याच्या एका यादीवरून. १८५७ च्या उठावानंतर इंग्रज सरकारला दोन गोष्टींची धास्ती होती, लोकांच्या हातातली शस्त्रे आणि छावणीतून बाहेर जाणारा दारूगोळा. पहिलीवर उपाय म्हणून १८७८ चा शस्त्र कायदा आला. दुसरीवरचा उपाय साधा होता. फौज जे काडतूस वापरते, ते ज्यात बसेल असे हत्यार सामान्य माणसाला मिळूच द्यायचे नाही, म्हणजे चोरलेले काडतूस बाहेर निरुपयोगी ठरेल. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र कायदा आला, १९६२ चे नियम आले, त्यांच्या जागी २०१६ चे नियम आले, पण ही कल्पना तशीच राहिली. आजही ज्यात .३८० किंवा .४५५ चे कडेचे काडतूस अथवा फौजेचे नऊ एमएम किंवा .४५ चे काडतूस बसते, ते पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर ‘प्रतिबंधित बोअर’ ठरते. रायफलींमध्ये .३०३ आणि ७.६२ यांचीही तीच गत. जे उरले ते ‘अप्रतिबंधित’. परवानाधारकांच्या आणि दुकानदारांच्या बोलीत पीबी आणि एनपीबी.

या यादीत तर्क आहे तो साठ्याच्या सुरक्षेचा. घातकतेचा तर्क तिच्यात शोधू नये. सव्वादोनशे जुलांच्या आसपासचे जुने अडतीस प्रतिबंधित आहे आणि त्याच्या दुप्पट-तिप्पट जोराचे .३५७ मॅग्नम रिव्हॉल्व्हर एनपीबीच्या परवान्यावर चालते, कारण भारतीय फौजेने ते कधी वापरले नाही. सामान्य परवानाधारकासाठी राहिले बत्तीस, पंचवीस आणि बावीस. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून खासगी आयातीवर बंधने आली. तेव्हापासून जुनी परदेशी पिस्तुले सोन्यासारखी महागली आणि नवी खरेदी सरकारी आयुध निर्माणीच्या बत्तीसवर येऊन थांबली. गेल्या काही वर्षांत खासगी कारखान्यांनाही परवाने मिळाले आहेत, पण बाजारातले मुख्य काडतूस बत्तीसच आहे.

हे काडतूस पुणे जिल्ह्याला परके नाही. खडकीची दारूगोळा निर्माणी १८६९ ची. तिच्या काडतुसांच्या बुडावर ‘केएफ’ ही अक्षरे असतात. घटनास्थळी सापडलेल्या पुंगळीच्या बुडावर ‘केएफ ७.६५’ असे वाचल्याचे पंचनाम्यांत वारंवार आढळते. याचा अर्थ पिस्तूल कुठलेही असो, त्यातले काडतूस कधीतरी कायदेशीर मार्गाने बाहेर पडले होते आणि वाटेत कोणीतरी ते वळवले. पिस्तूल लोहाराच्या भट्टीत घडवता येते. चांगले काडतूस, त्यातल्या दारू पेटवणाऱ्या टोपीसकट, तसे घडवणे फार कठीण आहे. बेकायदा शस्त्रांच्या तपासात काडतुसाचा माग पिस्तुलाच्या मागाइतकाच मोलाचा ठरतो तो यामुळे. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या झाल्या, तेव्हा खडकी आणि जळगाव जिल्ह्यातली वरणगावची निर्माणी म्युनिशन्स इंडिया या कंपनीत गेल्या. तिचे मुख्यालयही पुण्यातच आहे.

महाराष्ट्राच्या राजकीय इतिहासात पिस्तूल आधी आले आणि बोअरची चर्चा फार नंतर. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर दामोदर आणि बाळकृष्ण चापेकरांनी रँड आणि आयर्स्ट या इंग्रज अधिकाऱ्यांवर पिस्तुले झाडली तेव्हा आपोआप भरणारे पिस्तूल नुकतेच जन्माला येत होते. बारा वर्षांनी चित्र पालटलेले दिसते. विनायक दामोदर सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीनबरोबर वीस ब्राउनिंग पिस्तुले पाठवली. त्यांतल्या एकाने अनंत कान्हेरे यांनी २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनचा वध केला. सपाट, खिशात मावणारे आणि एकामागून एक गोळ्या सोडणारे हत्यार त्या काळात अगदी नवे होते, आणि पुढच्या खटल्यात पिस्तुले कशी आली हाच कळीचा मुद्दा झाला.

पुणे जिल्ह्यातल्या मुळशी तालुक्याच्या इतिहासातही पिस्तुलाची एक नोंद आहे. टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सुरू झालेला मुळशी सत्याग्रह माले आणि आसपासच्या बुडणाऱ्या गावांचा होता. त्याचे नेते सेनापती बापट यांचा अहिंसेवर गांधीजींसारखा विश्वास नव्हता. स्वतः शिक्षा भोगण्याची तयारी ठेवून केलेली हिंसा त्यांना वर्ज्य नव्हती. १९२४ मध्ये त्यांनी एका हातात तलवार आणि दुसऱ्या हातात पिस्तूल घेऊन रेल्वेगाडी अडवली. या प्रकरणी त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली आणि सत्याग्रह संपला. जगातल्या सुरुवातीच्या धरणविरोधी लढ्यांपैकी एकाचा शेवट पिस्तुलाने झाला, ही गोष्ट मुळशीबाहेर फारशी सांगितली जात नाही.

३० जानेवारी १९४८ ला नथुराम गोडसेने वापरलेले पिस्तूल इटलीच्या बेरेटा कंपनीचे, १९३४ च्या नमुन्याचे होते. ते ग्वाल्हेरमध्ये मिळवलेले. त्याचे काडतूस आखूड नऊ एमएमचे, ऊर्जा सुमारे २६० जूल. तीन गोळ्या जवळून झाडल्या गेल्या. लष्करी मापाने हे काडतूस दुबळे समजले जाते. त्या अंतरावर या दुबळेपणाला काहीही अर्थ नव्हता.

गेल्या चार-पाच दशकांतल्या गुन्ह्यांकडे वळले की तीन पुरवठे वेगळे ओळखू येतात आणि प्रत्येकाचा बोअर ठरलेला दिसतो. पहिला, सर्वांत स्वस्त, म्हणजे कट्टा. एक नळी, एक चाप, एका वेळी एक काडतूस. तो बहुधा .३१५ म्हणजे आठ एमएमचा किंवा बारा बोअरचा असतो. .३१५ हे मुळात रायफलीचे काडतूस. .३०३ प्रतिबंधित झाल्यामुळे नागरिकांसाठी हा पर्यायी बोअर चालवला गेला. म्हणजे यादीतून वाट काढण्यासाठी निघालेले काडतूसच कट्ट्याचे काडतूस झाले. आखूड, ओबडधोबड नळीत रायफलीची दारू पेटते तेव्हा जाळ मोठा होतो, नेम लागत नाही आणि नळी फुटून चालवणाऱ्याचाच हात जाण्याची भीती असते.

दुसरा पुरवठा मॅगझिनच्या गावठी पिस्तुलांचा. बिहारमधले मुंगेर यासाठी देशभर बदनाम असले तरी महाराष्ट्राचा रस्ता जवळचा आहे. जळगावच्या चोपडा तालुक्याला लागून मध्य प्रदेशच्या बडवानी जिल्ह्यात उमर्टी आहे, बुऱ्हाणपूर जिल्ह्यात पाचोरी आहे. तिथल्या काही पिढीजात लोहारकाम करणाऱ्यांचे कौशल्य या धंद्यात वापरले गेले. पुण्यात पकडल्या जाणाऱ्या ‘गावठी बनावटीच्या’ पिस्तुलांचा माग पोलिसांना पुन्हा पुन्हा याच पट्ट्यात नेतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुणे पोलिसांनी मध्य प्रदेश पोलिसांच्या मदतीने उमर्टीवर मोठा छापा घालून भट्ट्या उद्ध्वस्त केल्या. या पिस्तुलांचा बोअर बहुतेक वेळा ७.६५. त्याचे कारण काडतुसाच्या उपलब्धतेत आहे. परवानाधारकांना जे काडतूस मिळते तेच वळवता येते, आणि ज्याचे काडतूस मिळते त्याच बोअरचे पिस्तूल घडवण्यात फायदा. शिवाय बत्तीसचा दाब कमी असल्याने साध्या पोलादाची नळीही तो सोसते. कायद्याने सभ्य माणसाला बत्तीस दिले आणि गुन्हेगारानेही तेच उचलले.

तिसरा पुरवठा परदेशी किंवा लष्करी दर्जाच्या पिस्तुलांचा. तो महाग आहे आणि मोठ्या टोळ्यांचा आहे. राजकीय नेते बाबा सिद्दिकी यांची १२ ऑक्टोबर २०२४ रोजी वांद्र्यात हत्या झाली, तेव्हा पोलिसांनी हस्तगत केलेल्या शस्त्रांत परदेशी बनावटीची पिस्तुलेही होती. त्या दिवसांत अनेक बातम्यांत ‘९.९ एमएम पिस्तूल’ असे छापून आले. या नावाचे काडतूस प्रचारात नाही. कुठल्या तरी नोंदीतला आकडा एकाने उचलला आणि इतरांनी तो न तपासता पुढे ढकलला.

मात्र पुण्याच्या टोळीयुद्धात पिस्तुलापेक्षा कोयता जास्त चालतो, हे विसरून चालणार नाही. मुळशी तालुक्यातून आलेला गुंड शरद मोहोळ ५ जानेवारी २०२४ रोजी कोथरूडच्या सुतारदऱ्यात गोळ्यांनी मारला गेला. माजी नगरसेवक वनराज आंदेकर यांच्यावर त्याच वर्षी १ सप्टेंबरला नाना पेठेत हल्ला झाला, त्यात गोळ्याही झाडल्या आणि कोयतेही चालले. पिस्तूल हा अशा टोळ्यांत बऱ्याचदा दरारा बसवण्याचा ऐवज असतो. कमरेला लावून फोटो काढायचा, वाढदिवसाला हवेत गोळी झाडायची, आणि व्हिडिओ फिरला की पोलिसांनी उचलायचे, हा क्रम आता ठरून गेल्यासारखा आहे. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने निष्काळजीपणे किंवा आनंदाच्या भरात असा गोळीबार करण्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा ठेवल्या.

याच दुरुस्तीमुळे बोअरला गुन्ह्यात आणखी एक भूमिका मिळाली, शिक्षा ठरवण्याची. विनापरवाना बत्तीसचे पिस्तूल बाळगले तर दोन ते पाच वर्षे. तेच हत्यार प्रतिबंधित वर्गातले निघाले तर सात ते चौदा वर्षे. आरोपीने काय केले यापेक्षा त्याच्या कमरेच्या पिस्तुलात कोणते काडतूस बसते याने काही वेळा जास्त फरक पडतो. म्हणून न्यायसहायक प्रयोगशाळेच्या अहवालातला बोअरचा आकडा आरोपपत्रातला नुसता तपशील राहत नाही.

प्रयोगशाळेचे खरे काम त्याहून खोल असते. कारखान्यात बनलेल्या नळीच्या आत पेचदार खाचा असतात. त्या गोळीला गरगर फिरवतात, म्हणून ती सरळ जाते. जाताना त्या खाचांचे ओरखडे गोळीवर उमटतात. पुंगळीच्या बुडावर आघाताच्या सुईचा ठसा राहतो, बाहेर फेकणाऱ्या आकडीचा राहतो. १९२० च्या दशकात अमेरिकेत दोन नमुने शेजारी शेजारी दाखवणारा तुलना सूक्ष्मदर्शक या कामी आला आणि तीच पद्धत आज मुंबईत कालिन्याच्या किंवा पुण्याच्या प्रयोगशाळेत चालते. रिव्हॉल्व्हर पुंगळी आतच ठेवते, पिस्तूल ती बाहेर फेकते. त्यामुळे पिस्तुलाचा गुन्हा मागे जास्त पुरावा ठेवून जातो. गावठी नळीत खाचा नसतात किंवा वेड्यावाकड्या असतात, तेव्हा गोळीवरून काम अवघड होते आणि पुंगळीवर भिस्त राहते.

या पद्धतीची कसोटी चार हत्यांच्या तपासांत लागली. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पुलावर हत्या झाली. पुढे कॉ. गोविंद पानसरे यांच्यावर १६ फेब्रुवारी २०१५ ला कोल्हापुरात हल्ला झाला, प्रा. एम. एम. कलबुर्गी यांची त्याच वर्षी ३० ऑगस्टला धारवाडला आणि गौरी लंकेश यांची ५ सप्टेंबर २०१७ ला बंगळुरूत हत्या झाली. चारही ठिकाणी ७.६५ च्या गोळ्या मिळाल्या. बोअर एक असणे हा स्वतः पुरावा नव्हे, कारण देशातली असंख्य गावठी पिस्तुले त्याच बोअरची असतात. वजन येते ते ठशांच्या जुळणीने. कर्नाटकच्या प्रयोगशाळेने कलबुर्गी आणि लंकेश यांच्या हत्यांत एकच गावठी पिस्तूल वापरल्याचा निष्कर्ष काढला आणि दोन तपास एकमेकांना जोडले गेले. दाभोलकर प्रकरणात मात्र हत्यारांबाबतची प्रयोगशाळांची मते, त्यावरचे वाद आणि ठाण्याच्या खाडीत पाणबुड्यांकरवी झालेला पिस्तुलाचा शोध यांत वर्षे गेली. १० मे २०२४ रोजी पुण्याच्या विशेष न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली आणि तिघांची निर्दोष मुक्तता केली.

आता मुख्य प्रश्न, लहान बोअर कमी मारतो का? गोळी शरीरात जाताना स्वतःच्या रुंदीची वाट फाडते. तिच्याभोवतीच्या पेशी क्षणभर ताणल्या जाऊन परत येतात. रायफलीच्या वेगाला हा ताणही अवयव फाडतो. पिस्तुलाच्या वेगाला शरीर तो बहुधा सोसते, आणि इजा राहते ती गोळी प्रत्यक्ष ज्यातून गेली त्या वाटेपुरती. म्हणून पिस्तुलाच्या जखमेत ती कुठे लागली आणि किती खोल गेली हे आधी बघायचे, किती रुंद होती हे नंतर.

महाराष्ट्राला हे प्रमोद महाजन यांच्या मृत्यूने दाखवले. २२ एप्रिल २००६ रोजी वरळीतल्या घरात धाकट्या भावाने परवान्याच्या बत्तीस बोअरच्या ब्राउनिंगमधून झाडलेल्या तीन गोळ्या त्यांना लागल्या. यकृत आणि स्वादुपिंड जखमी झाले, मुंबईतल्या उत्तम शल्यचिकित्सकांनी शर्थ केली आणि ३ मे रोजी मृत्यू आला. हाताच्या अंतरावर, पोटातल्या नाजूक अवयवांवर, ‘दुबळा’ बत्तीस पुरेसा ठरला. दुसरे टोक उल्हासनगरचे. २ फेब्रुवारी २०२४ ला हिललाइन पोलीस ठाण्याच्या आत, जमिनीच्या वादातून, तत्कालीन आमदाराने प्रतिस्पर्धी नेत्यावर अनेक गोळ्या झाडल्याचे कॅमेऱ्यात दिसले. जखमी नेता शस्त्रक्रियेनंतर वाचला. गोळी कोणत्या अवयवात शिरते आणि रुग्णालय किती जवळ आहे, यावर अशा घटनांचा शेवट ठरतो.

अमेरिकेत या प्रश्नाचा शतकभर काथ्याकूट झाला आहे. १९०४ मध्ये थॉम्पसन आणि लागार्ड या दोन अधिकाऱ्यांनी शिकागोच्या कत्तलखान्यात गुरांवर आणि इतरत्र मृतदेहांवर गोळ्या झाडून पंचेचाळीसची शिफारस केली. प्रयोग आजच्या कसोटीला उतरणारा नव्हता, तरी त्याच्या जोरावर पंचेचाळीसने पाऊणशे वर्षे फौजेत राज्य केले. ११ एप्रिल १९८६ ला मायामीत दरोडेखोरांशी झालेल्या चकमकीत एफबीआयच्या दोन अधिकाऱ्यांचा बळी गेला. एका दरोडेखोराला लागलेली नऊ एमएमची गोळी हृदयाच्या अलीकडे थांबली होती आणि तो त्यानंतरही लढत राहिला. मग मोठे बोअर शोधले गेले, .४० आले, आणि सुमारे तीस वर्षांनी सुधारलेल्या गोळ्या हाती आल्यावर तीच संस्था नऊ एमएमवर परतली. यावरून बोअरला काहीच महत्त्व नाही असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे होईल. बोस्टनमधल्या गोळीबारांचा अँथनी ब्रागा आणि फिलिप कुक यांनी २०१८ मध्ये अभ्यास मांडला. गोळ्या किती आणि कुठे लागल्या हे लक्षात घेऊनही मध्यम आणि मोठ्या बोअरच्या जखमी माणसाची मरण्याची शक्यता लहान बोअरपेक्षा स्पष्टपणे जास्त निघाली. तिथे लहान म्हणजे .२२, .२५ आणि .३२. म्हणजे साठ्याच्या काळजीने केलेल्या भारतीय यादीने, न ठरवता, नागरिकांच्या हाती तुलनेने कमी घातक बोअर ठेवले. हा तिचा गुण म्हणायचा तर योगायोगाचा म्हणावा लागेल.

स्वसंरक्षणासाठी पिस्तूल मागणारा माणूस सहसा बोअरपासून सुरुवात करतो. खरे तर त्याने अंतरापासून करायला हवी. सॉल्ट लेक सिटीचे पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्युलर यांनी १९८३ मध्ये दाखवून दिले, की सुरा घेतलेला माणूस सुमारे २१ फूट म्हणजे साडेसहा मीटर अंतर दीड सेकंदात कापतो. तेवढ्याच वेळात सरावलेला पोलीस पिस्तूल काढून नेम धरू शकतो. गल्लीच्या तोंडाशी कोयते घेऊन आलेल्या तिघा-चौघांपुढे सराव नसलेल्या माणसाचे बत्तीस किंवा नऊ एमएम दोन्ही सारखेच उशिरा निघते. दिल्लीतल्या निर्भया प्रकरणानंतर जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या निर्माणीने महिलांसाठी ‘निर्भीक’ हे अर्ध्या किलोच्या आसपासचे बत्तीस बोअरचे रिव्हॉल्व्हर आणले. किंमत सव्वा लाखाच्या घरात. ज्या बाईला बसने रात्री घरी जायचे असते तिला ते परवडणारे नव्हते, आणि जिला परवडत होते ती बसने जात नव्हती.

कायदा स्वसंरक्षणाचा हक्क पूर्ण मान्य करतो. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत आहे. पण इजा गरजेपुरतीच करता येते, आणि जीव घेण्यापर्यंतची मुभा खून, गंभीर इजा, बलात्कार, अपहरण, अॅसिड हल्ला अशा मोजक्या धोक्यांसमोरच मिळते. हत्यार बेकायदा असेल तर भीती खरी असूनही शस्त्र कायद्याचा गुन्हा उभा राहतोच. १९९३ च्या बॉम्बस्फोट खटल्यात अभिनेता संजय दत्त याने दंगलीनंतर कुटुंबाच्या जिवाची भीती वाटत होती असे सांगितले होते. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१३ मध्ये त्याची सहा वर्षांची शिक्षा पाच वर्षांवर आणली, पण दोष कायम ठेवला.

जमिनीचे भाव वाढले तसे पुण्याभोवतीच्या तालुक्यांत परवान्याच्या पिस्तुलाला प्रतिष्ठेचे मोल आले. मुळशीतल्या धडवली गावात जमिनीच्या वादात एका महिलेने शेतकऱ्यांपुढे पिस्तूल नाचवल्याचा जुना व्हिडिओ जुलै २०२४ मध्ये देशभर फिरला. पौड पोलिसांनी गुन्हा नोंदवला, अटक झाली आणि परवान्यावर कारवाई झाली. त्याच वर्षी ८ फेब्रुवारीला दहिसरमध्ये माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांच्यावर समाजमाध्यमावरच्या थेट प्रक्षेपणात गोळ्या झाडण्यात आल्या. ते पिस्तूल मारेकऱ्याच्या अंगरक्षकाचे, परवान्याचे होते. बीडमध्ये डिसेंबर २०२४ मधल्या सरपंच संतोष देशमुख यांच्या हत्येनंतर जिल्ह्यात हजाराहून अधिक शस्त्र परवाने असल्याचे पुढे आले आणि प्रशासनाने त्यांतले बरेच रद्द केले.

मुळशीतल्या मालेसारख्या गावात शस्त्र म्हणजे परंपरेने पिस्तूल नव्हे. रानडुकरांपासून भात राखायला ठासणीची किंवा बारा बोअरची बंदूक, एवढीच गरज. कायदाही हा फरक करतो. शेतराखणीच्या ठासणीच्या बंदुकीला आणि किमान वीस इंच लांब नळीच्या साध्या बंदुकीला परवाना देण्याकडे त्याचा कल आहे. पिस्तुलासाठी अर्जदाराला सबळ कारण दाखवावे लागते. मालेच्या रहिवाशाचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि चौकशीचा अहवाल ग्रामीण पोलिसांकडून येतो. शहराला लागलेल्या मुळशीच्या भागात, हिंजवडी-बावधनकडे, हेच काम पोलीस आयुक्तालयाकडे आहे. २०१६ च्या नियमांनी शस्त्र हाताळण्याचे प्रशिक्षण सक्तीचे केले. २०१९ पासून एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येतात आणि परवाना तीनऐवजी पाच वर्षांचा असतो. बोअर परवान्यावर लिहिलेला असतो. त्याच बोअरची काडतुसे, ठरलेल्या संख्येत, परवान्यावर नोंद करून मिळतात. निवडणूक जाहीर झाली, की छाननी समिती सांगेल त्या परवानाधारकांनी शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करायचे आणि निकालानंतर पावती दाखवून परत न्यायचे.